गंजलेली तलवार हाती आली तर

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत एखादा वाडा पाडायला काढला, माळा रिकामा केला, की कधीतरी चिंध्यांत गुंडाळलेली तलवार निघते. मूठ डुगडुगते, पात्यावर तांबडा गंज असतो, अणी मोडलेली असते आणि म्यानाचं मखमल उंदरांनी खाल्लेलं असतं. पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. घरातला उत्साही पुतण्या पॉलिश पेपर आणतो, कोणी ती फॅब्रिकेशनच्या दुकानात नेऊन ग्राइंडर फिरवून घेतं, ढिल्या मुठीत इपॉक्सी भरली जाते आणि संध्याकाळपर्यंत तलवार स्टीलच्या ताटासारखी चकाकू लागते. दोन-तीनशे वर्षांत गंजाला जे जमलं नाही ते एका दुपारी उरकलेलं असतं.

जुन्या तलवारीची बहुतेक ओळख तिच्या पृष्ठभागावरच लिहिलेली असते. पोलादाची नक्षी, कारागिराचा ठसा, मालकाचं नाव, सोन्याची तार, धार लावणाऱ्याच्या दगडाचे ओरखडे हे सगळं वरच्या पातळ थरात असतं. तो थर एकदा घासला गेला की तलवार कुठली, कधीची, कोणाची हे सांगणारा साक्षीदारच उरत नाही. म्हणून ओळख आधी आणि दुरुस्ती मागून. हा क्रम उलटला की दुरुस्ती कितीही सफाईने केली तरी ती नासाडीच ठरते.

या शहरात तलवारीची ओळख पटवणं जरा जास्तच अवघड आहे. वेरूळचे भोसले इथले. मलिक अंबरने १६१० मध्ये इथे खडकी ही राजधानी वसवली. औरंगजेब १६३६ मध्ये आणि पुन्हा १६५२ मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून आला, पुढे बादशहा झाल्यावरही आला. आसफजाही राजधानी १७६३ पर्यंत इथे होती. हबशी, राजपूत, पठाण, अरब, मराठे अशा सगळ्यांच्या फौजांचे तळ इथे पडले आणि प्रत्येक जण आपापलं हत्यार घेऊन आला. त्यामुळे इथल्या माळ्यावरची तलवार मराठा असेल, मुघल असेल, राजस्थानी असेल किंवा पातं एकाचं आणि मूठ दुसऱ्याची असेल.

ही शेवटची शक्यता सगळ्यात मोठी. पातं टिकायचं, मूठ बदलायची. लुटीत, नजराण्यात किंवा बाजारात चांगलं पातं हाती लागलं की नवा मालक त्यावर आपल्या हाताला आणि ऐपतीला साजेशी मूठ चढवून घेई. ‘ही तलवार मूळ स्वरूपात आहे का?’ हा प्रश्न म्हणून अनेकदा गैरलागू ठरतो. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार हे याचं अगदी ताजं उदाहरण. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजच्या लिलावात ती आली, महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांना ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं सरळ, एकधारी आणि युरोपीय बनावटीचं. मूठ इथली, मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचं काम. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने लिहिलेलं नाव : रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा. हा छत्रपती शाहूंनी दिलेला किताब. परदेशी पात्याची अशी तलवार म्हणजेच फिरंग. पातं युरोपात घडलं म्हणून ती कमी मराठी होत नाही. लांब, सरळ, लवचीक पात्याची मराठ्यांना आवड होती आणि अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून येत असत. मुद्दा असा की तिच्या पाठीवरून कोणी एकदा जरी पॉलिश पेपर फिरवला असता, तर लिलावात एक ‘अनामिक भारतीय तलवार’ आली असती आणि शासनाने तिच्याकडे पाहिलंही नसतं.

तेव्हा हाती आलेल्या तलवारीला पहिल्या दिवशी काहीही करू नये. चांगल्या उजेडात, तिरप्या प्रकाशात, दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. लांबी, खजिन्याजवळची रुंदी आणि वजन लिहून ठेवावं. खजिना म्हणजे मुठीलगतचा, धार न लावलेला पात्याचा भाग. मग पात्याच्या पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजावी : मुठीजवळ, मध्यावर आणि अणीच्या अलीकडे. ही मोजणी फार बोलकी असते. हाताने घडवलेल्या पात्याची पाठ मुठीजवळ जाड असते आणि अणीकडे पातळ होत जाते, त्यामुळे तलवारीचा तोल मुठीकडे राहतो. पत्रा कापून केलेल्या शोभेच्या तलवारीत पाठ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीची निघते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसणाऱ्या, लग्नात नवरदेवाच्या हाती असणाऱ्या बहुतेक तलवारी या दुसऱ्या जातीच्या. दोन पिढ्या माळ्यावर पडल्या की त्याही गंजतात आणि ‘पणजोबांची’ होऊन बसतात.

वजनाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. किल्ल्यांवरचे वाटाडे मणामणाच्या तलवारी सांगतात. लढाईतली खरी तलवार साधारण एक किलोच्या आसपास भरते. दिवसभर फिरवायचं हत्यार त्याहून फार जड असून भागत नाही. खूप जड तलवार निघाली तर ती मिरवणुकीची, देवापुढची किंवा नवी समजावी. तशीच गोष्ट मुठीची. जुन्या तलवारीच्या मुठीत आपला पंजा मावत नाही, म्हणून ‘पूर्वीची माणसं लहान हाडाची’ असा निष्कर्ष काढला जातो. मूठ मुद्दाम आखूड ठेवलेली असते. हात घट्ट बसावा, मनगट मुठीच्या वाटीला टेकावं आणि वार कुऱ्हाडीसारखा न पडता ओढून कापणारा पडावा, यासाठी ती रचना आहे. आडव्या ठोल्यावरून तर्जनी पुढे टाकून धरलं की तीच मूठ हाताला बेतल्यासारखी बसते. आणि पात्यावरची लांब खोबण, जिला सगळे ‘रक्तनाळ’ म्हणतात, तिचा रक्ताशी काही संबंध नाही. तिने पातं हलकं होतं आणि तरीही ताठ राहतं.

आता पोलाद. भिंग घेऊन गंज नसलेल्या जागी पाहावं. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी, करड्या-काळ्या रेघांची बारीक नक्षी दिसली तर ते मुशीतलं पोलाद, जगभर ‘वुट्झ’ म्हणून गाजलेलं. अशा नक्षीला जौहर म्हणतात. लोखंड आणि कर्ब देणारी लाकूड-पानं मातीच्या मुशीत बंद करून प्रखर आचेवर वितळवायची आणि सावकाश थंड करायची, अशी ही रीत. त्यात कर्बाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास जातं. आपल्याला हे काही लांबचं नाही. नांदेडच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे गाव या पोलादासाठी प्रसिद्ध होतं. १८२० च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी तिथे गेला तेव्हा इराणमधल्या इस्फहानचा एक व्यापारी पोलाद घेण्यासाठी येऊन राहिलेला त्याला भेटला. त्याच सुमारास लंडनमध्ये लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे या पोलादाचं रहस्य शोधत होता. नक्षीचं कारण मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट झालं. खनिजातले व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अगदी सूक्ष्म अंश लोखंड-कर्बाच्या संयुगाचे कण ओळींत मांडतात आणि त्या ओळी म्हणजे आपल्याला दिसणारी लाट.

दुरुस्तीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी की ही ओळींची मांडणी उष्णतेने मोडते. पातं लाल होईपर्यंत तापवलं, वेल्डिंग केलं किंवा ग्राइंडरने एखादी जागा निळी पडेपर्यंत घासली, की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेली कठीणता, उतरतं. फार तापलं तर नक्षीही पुसली जाते आणि परत आणता येत नाही. बाजारात ‘दमास्कस’ म्हणून मिळणाऱ्या नव्या पात्यांवरची ठळक, सुबक, सारखी नक्षी वेगळी असते. ती दोन प्रकारचं पोलाद थरांवर थर जोडून केलेली असते किंवा नुसती आम्लाने छापलेली. जौहर त्या मानाने लाजाळू असतो. पुष्कळदा गंजाखाली तो दिसतच नाही. जुने शिकलगार पातं घासून हिराकशीच्या द्रावणाने तो उठवत. घरी हा प्रयोग करू नये. नक्षी दाखवण्याच्या नादात पात्यावरचं बाकी सगळं धुऊन जातं.

ठसे आणि लेख हा तर सगळ्यात मोहात पाडणारा भाग. इथे जितकं मोठं नाव, तितका जास्त संशय घ्यावा. इस्फहानचा असदुल्ला हा शाह अब्बासच्या काळातला ख्यातनाम कारागीर. त्याची सही असलेली पाती इतकी आहेत की त्याला चार जन्म पुरले नसते. ते नाव पुढे दर्ज्याची खूण म्हणून ठोकलं जाऊ लागलं. युरोपीय पात्यांवर जर्मनीतल्या पासाउचा धावता लांडगा किंवा ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव दिसतं, त्याचंही तेच झालं. आधी युरोपातच नक्कल झाली, मग आपल्याकडेही. आणि ‘शिवाजी महाराजांच्या काळातली’ असं सांगणारा देवनागरी लेख ताज्या छिन्नीने, गंजाच्या खड्ड्यांच्या वरून कोरलेला असेल, तर तो लेख गंजानंतरचा हे उघड आहे. जुन्या लेखाच्या रेघांतही पात्याइतकाच गंज आणि काळपटपणा असतो.

काही खुणा मात्र खरोखर ठाव लावतात. बीकानेरचे महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनच्या मोहिमांत होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस आजच्या आंध्रातल्या आदोनीच्या किल्ल्यातून मिळालेली शस्त्रं बीकानेरच्या शस्त्रागारात गेली आणि त्यांतल्या बऱ्याच शस्त्रांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नागरी अक्षरांत नोंद ठोकली गेली. आज जगभरच्या संग्रहांत विखुरलेली दख्खनी कट्यारी-तलवारी अभ्यासक या ठिपक्यांवरून ओळखतात. अशी ठिपक्यांची ओळ गंजाखाली अगदी पुसट दिसते. सराफाकडचं बफिंग तिला एका फेरीत संपवतं.

ओळख जमेल तितकी झाली, लिहून ठेवली, की मग गंजाकडे वळावं. गंज दोन प्रकारचा. तांबूस-नारिंगी, बोटाला लागणारा, पापुद्रे सुटणारा तो जिवंत. तो वाढतो, त्याला थांबवायला हवं. काळपट-तपकिरी, घट्ट बसलेला, गुळगुळीत थर मात्र स्थिरावलेला असतो. तो पोलादाचं रक्षणच करतो आणि वयाचा पुरावाही असतो. त्याला हात लावू नये. जिवंत गंजासाठी शिलाई मशीनचं तेल थोडं लावून दोन दिवस मुरू द्यावं, मग बांबूच्या काडीने किंवा पितळेच्या पट्टीच्या कडेने, भिंगातून पाहत, सुटेल तितकाच काढावा. पितळ पोलादापेक्षा मऊ असतं, म्हणून ओरखडा पडत नाही. काम कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर हे सगळे घरगुती उपाय तांब्याच्या कळशीसाठी ठीक आहेत. आम्ल पोलादाला खातं आणि खड्ड्यांत उरलेलं आम्ल पुन्हा गंज आणतं. खोबरेल तेलही नको. काही महिन्यांत ते चिकट होतं आणि धूळ धरतं. गंज काढून, पातं पूर्ण कोरडं करून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यावा. संग्रहालयांतही हेच वापरतात.

आपल्या घरांत गंजाचं एक खास कारण असतं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. खंडेनवमीला तलवार पूजेत मांडतात. पाणी शिंपडतात, ओलं हळद-कुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात आणि दसऱ्यापर्यंत ती तशीच राहते. ओलसर कुंकू आणि भिजलेली फुलं लोखंडावर रात्रभर टेकून राहिली की त्या जागी खड्डे पडणारच. तेही दरवर्षी त्याच जागी, बहुधा खजिन्यावर, म्हणजे नेमकं जिथे ठसा असण्याची शक्यता जास्त तिथे. पूजा करू नये असं कोण म्हणेल? हळद-कुंकू तलवारीखालच्या पाटावर किंवा लाल कापडावर वाहावं, माळ पाटाभोवती घालावी. मुठीला बोट लावायचंच असेल तर आरतीनंतर लगेच कोरड्या सुती कापडाने पुसून घ्यावं.

ढिली मूठ पाहून लोक घाबरतात, पण तेवढं घाबरण्यासारखं ते नाही. आपल्याकडच्या बहुतेक तलवारींत पात्याचा मागचा दांडा आखूड असतो. तो मुठीच्या पोकळीत लाख आणि राळेच्या मिश्रणाने चिकटवलेला असतो, आरपार जाऊन ठोकलेला नसतो. दीडशे-दोनशे वर्षांत ती राळ वाळून भुगा होते. मुठीतून तपकिरी-तांबूस कण गळत असतील तर ते पुडीत जपून ठेवावेत. तलवार जुनी असल्याचा तो चांगला पुरावा आहे, कारण नव्या नकलांत बहुधा नट किंवा वेल्डिंगच असतं. ही जुनी युक्ती मोठी शहाणपणाची. लाख शंभर अंशांच्या आतच मऊ होते आणि पोलादाच्या पाण्यावर परिणाम व्हायला दोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे मूठ हलक्या उष्णतेने सोडवता येते, पातं सांभाळून पुन्हा बसवता येते आणि पन्नास वर्षांनी कोणाला परत सोडवायची असेल तर तेही जमतं. केलेली दुरुस्ती उलटवता यावी, हा आजच्या संवर्धनशास्त्राचा पहिला नियम इथल्या कारागिरांच्या हातात केव्हाच होता. त्या जागी इपॉक्सी भरली की तो मार्ग बंद. पुढच्या वेळी मूठ फोडावी लागते. मूठ पुन्हा बसवायची असेल तर लाखच वापरावी, उघडी ज्योत कधीही लावू नये, आणि मुठीवर सोन्याचं काम असेल तर हे स्वतः करूच नये.

सोन्याचं काम म्हणजे कोफ्तगरी. पोलादावर बारीक आडव्या-उभ्या चरा पाडायच्या आणि त्यांच्यात सोन्याची केसासारखी तार ठोकून बसवायची. सोनं जाऊन नुसत्या चरा उरल्या तरी त्यांवरून मूळ वेलबुट्टी वाचता येते. लोक मात्र ‘खरखरीत’ म्हणून त्या चराच घासून टाकतात. नव्या सोनेरी मुलाम्याखाली अशा चरा नसतात, हाही फरक लक्षात ठेवावा. दख्खनमध्ये बिदरी कामाच्या मुठीही असतात. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, काळ्या पार्श्वभूमीवर चांदीची नक्षी असलेल्या. बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी तो काळा रंग येतो. चकाकी आणण्यासाठी कोणी चांदी पॉलिश करायला गेलं की काळा रंग उडतो आणि नक्षीच दिसेनाशी होते.

धारेवरच्या खांडांबद्दल माझं मत सरळ आहे : राहू द्यावेत. खांड घालवायचे तर सगळी धार खाली घासावी लागते आणि पात्याचा आकारच बदलतो. नवी धार लावण्याचं तर काहीच कारण नाही. बाक आलेलं पातं गुडघ्यावर सरळ करायला जाऊ नये. मुशीतल्या पोलादात फॉस्फरस जास्त असला तर ते थंड असताना काचेसारखं तुटतं. भेग आधी तपासावी. पात्याच्या लांबीला धरून जाणारी रेघ बहुधा घडवतानाचा दोष असतो आणि ती शतकानुशतकं काही करत नाही. धारेतून निघून आडवी चढणारी भेग मात्र धोक्याची. ती असेल तर तलवार मुठीला धरून उचलायचीही नाही, दोन्ही हातांवर आडवी उचलायची. पातं तुटलेलंच असेल तर दोन्ही तुकडे एकत्र ठेवावेत, जोडू नयेत. म्यानात हलवून पाहावं, मोडलेली अणी पुष्कळदा तिथेच अडकलेली सापडते.

म्यान जपावं, पण तलवार त्यात ठेवू नये. लाकूड आणि कातडं ओल धरून ठेवतात, कातड्यातली आम्लं पात्याला लागतात. मराठवाडा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण श्रावण-भाद्रपदातली दमट हवा पुरेशी असते. दोन्ही वस्तू शेजारी शेजारी, स्वच्छ सुती कापडात आणि भिंतीपासून दूर ठेवाव्यात.

कायद्याची बाजू पाहिल्याशिवाय मात्र तलवार घराबाहेर काढू नये. या शहरात कुरियरने मागवलेल्या तलवारी पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या येऊन गेल्या आहेत, त्यामुळे पिशवीत तलवार घेऊन कारागिराकडे निघालेल्या माणसाकडे कोणी पुराणवस्तूचा अभ्यासक म्हणून पाहणार नाही. शस्त्र नियम २०१६ नुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रांच्या यादीत येतं. वारशाने मिळालेल्या तलवारीची माहिती फोटोसह पोलीस ठाण्यात लेखी देऊन पोच घ्यावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या चुलतभावाला भेट म्हणूनसुद्धा नाही.

तुलनेसाठी डोळा तयार करायचा तर शहरातलं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय जवळच आहे. तिथे काचेपलीकडच्या शस्त्रांच्या मुठी, वाट्या, बोटांवरच्या कमानी म्हणजे परजा निवांत पाहाव्यात. सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व विभागाचं संग्रहालय आहे. विभागाच्या कार्यालयात फोटो आणि मोजमापं दाखवून सल्ला विचारता येतो, तलवार न्यायचीही गरज नाही. खरोखर मोलाची वस्तू निघाली आणि हाताळणी तज्ज्ञाकडूनच हवी असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथे विचारताना पहिल्या दिवशी काढलेले, हात न लावलेल्या गंजाचे फोटो सोबत द्यावेत.